मैदानाची वानगी

मी आज जो काही आहे त्यात सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या कबड्डीच्या सरांचं नाव घेतो. आईलाही ते मान्य आहे. "मी जन्म देला, गुरुजीनं उभा केला," असं ती अजून म्हणते. इथं मात्र मी सरांचं नाव लिहीत नाही. त्यांनीही आम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याच्या गावाच्या नावानं बोलवायचे. मी केनवडचा, म्हणून मी केनवड. माझ्या शेजारी रिसोड उभा असायचा. आडनाव त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडण्यासाठी खेळाडू दोघादोघांनी हात धरून साखळी करतात. कुणाचा हात कुणाच्या हातात द्यायचा हे सर ठरवायचे. आमच्या गावात ज्या घरांत मला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, तशाच एका घरातून रिसोड आलेला होता. पहिल्याच दिवशी सरांनी माझा हात त्याच्या हातात दिला. त्यावर भाषण नाही, काही नाही. "घट्ट धरा बे. सुटला तर एकटा नाही, दोघंही मेले," एवढंच म्हणाले.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे. आठवीत मला वाशिमच्या वसतिगृहात ठेवलं ते तिथं दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून. सर जवळच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. शाळेच्या मागं एक मोकळी सरकारी जागा होती आणि तिच्यावर सरांनी कबड्डीचं मैदान तयार केलं होतं. वाशिमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती पायाला गोळ्यानं चिकटते. म्हणून सरांनी वरचा थर काढून टाकला आणि हलकी माती, कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा चाळून त्यात भरला. चांगली माती विकत आणायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यावर त्यांनी एक रीत पाडली. मैदानावर नव्यानं येणाऱ्यानं आपल्या गावाहून एक पोतं माती आणायची.

दिवाळीच्या सुटीनंतर मी केनवडहून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून एसटीत चढलो. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून पाहिला.

"काय हाय बे याच्यात?"

"माती."

"माती? काहून, वाशिमले माती नाही भेटत का? थांब, तिचंही तिकीट फाडतो!"

सगळी बस हसली. मी पोत्यावर बसून राहिलो. मैदानावर पोचल्यावर सरांनी मूठभर माती हातात घेतली आणि माझ्याकडं पाहिलं.

"काळी आणली रे केनवड."

"सर, आमच्या गावात काळीच हाय."

"काळी पेराची असते लेका, खेळाची नसते. पुढच्या खेपेले बरडावरची आण."

ती माती त्यांनी परत नेऊ दिली नाही. कडेच्या कडुनिंबाच्या बुडाशी टाकली. पुढच्या खेपेला मी बरडावरची, म्हणजे माळावरची हलकी मुरमाड माती आणली, आणि ती चाळून मैदानात मिसळली गेली. असं वर्षानुवर्षं चाललं. ते मैदान म्हणजे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचं थोडं थोडं होतं. आम्हाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. चाळणी धरायचा कंटाळाच यायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सरावाला सर पंच ठेवायचे नाहीत. ज्याला स्पर्श झाला त्यानं स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. कुणी लबाडी केली तर सर त्याला ओरडत नसत. त्या संध्याकाळी त्याला फक्त चाळणी धरायला लावत.

या मैदानानं मला शाळेच्या, मग महाविद्यालयाच्या संघात नेलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. खेळाच्या प्रमाणपत्रावर मला वाशिममध्येच एका कार्यालयात कारकुनी मिळाली. पदवीच्या निकालाचा कागद घेऊन आई सरांकडं गेली होती आणि दारातूनच "जयभीम गुरुजी" म्हणाली. "जयभीम बाई, आत या," म्हणून सरांनी तिला खुर्ची दिली. घरी परतल्यावर सर निकालाबद्दल काय म्हणाले ते सांगायच्या आधी तिनं मला ती खुर्चीच सांगितली.

नोकरी लागल्यावरही कार्यालय सुटलं की मी मैदानावर जायचो. सर निवृत्त झाले, पण संध्याकाळ सोडली नाही. अलीकडं मुलांपेक्षा मुलीच जास्त यायच्या. त्यांतली एक कामरगावची, वसतिगृहात राहणारी, उंच आणि अबोल. ती चढाईला निघाली की सर बोलणं थांबवून पाहायचे.

मग ती बातमी आली. राज्यात कबड्डीची नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू होणार होती. पुरुषांचे संघ, आणि पुढं मुलींचेही. त्यातला एक संघ विदर्भातलं एखादं शहर आपलं गाव म्हणून निवडणार होता. ज्या शहरांना हवं असेल त्यांनी कळवायचं होतं.

बाजार समितीत सोयाबीनची अडत चालवणारे एक व्यापारी होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. कबड्डीच्या स्पर्धेला जेवणावळ त्यांचीच असायची. त्यांच्या अडतीवर, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, आमच्या बैठका सुरू झाल्या.

"टीम, अन् वाशिमले?" हमालीचा मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला. "भाऊ, इथं परगावचा माणूस आला तर त्याले रातच्याले जेवाले हॉटेल शोधा लागते. पहेलवान ठेवान कुठी?"

"तुह्या घरी," भाऊ म्हणाले. "तुही बायको चांगल्या भाकरी करते."

"अन् विमान कुठी उतरीन?"

"यार्डात उतरवू. हंगाम संपला का मोकळंच असते."

हसणं ओसरल्यावर मुकादमानं खरा प्रश्न विचारला. "पण तिकीट काढून कबड्डी कोण पाहीन? आपले लोक फुकटात झाडावर बसून पाहतेत."

आता सर पुढं झाले. ते म्हणाले, "झाडावर चढून पाहतेत म्हणजे पाहाची हौस हाय ना. खुर्ची देल्ली तर बसतीन." मग कुणाकडंही न पाहता बोलले, "पोरगं तयार झालं का पुण्याले जाते. पोरगी तयार झाली का घरी जाते. मी काय आयुष्यभर पेरतच राहू? एकदा मले इथं कापणी पाह्याची हाय."

त्यानंतर कुणी थट्टा केली नाही. सरांना काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. आपल्या मैदानावर तयार झालेला खेळाडू आपल्याच शहरात, पगार घेऊन, आपल्याच माणसांसमोर चढाई करतो आहे, एवढं त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांचं वय पाहता हे लवकर व्हायला हवं होतं.

अर्ज मी लिहिला. समृद्धी महामार्ग जवळून जातो, रेल्वे आहे, जिल्हाभर कबड्डीचं वेड आहे, असं सगळं खरं खरं लिहिलं. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. संघाची माणसं जागा पाहायला येणार होती.

त्यांच्या येण्याआधी सरांनी मैदान पुन्हा चाळलं. कामरगावची पोरगी आणि तिच्या मैत्रिणी शाळा सुटल्यावर पाणी मारायच्या. रेषा आखायची फक्की सरांनी स्वतः ओढली. पाहुणे आले त्या सकाळी मैदान इतकं सुरेख दिसत होतं की लोक कडेला चपला काढून उभे होते, आणि आत पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं.

आलेल्यांत एक तरुण व्यवस्थापक होता. लोकांच्या चपला पाहून त्यानंही बूट काढले, मोजे काढले आणि मातीवर चालला. त्याचा चेहरा उजळला. "माझे वडील अशाच मातीवर खेळायचे," तो म्हणाला. तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. मग त्यानं विचारलं, "बंदिस्त सभागृह कुठं आहे?"

असलं सभागृह आमच्याकडं नव्हतंच. सामने गादीवर होतात, दिव्यांखाली, छताखाली. दूरदर्शनवर आम्ही ते पाहिलेलं होतं, पण आपल्याकडं येणारा संघ आपल्या मातीवर खेळेल असंच काहीतरी सगळ्यांच्या मनात होतं.

"सभागृह होऊन जाईन," भाऊ पटकन म्हणाले. "जागा हे काय, हेच."

"हॉल असेल तर नक्की विचार करू," व्यवस्थापक म्हणाला. जाता जाता तो खाली वाकला, मैदानातली मूठभर माती उचलली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. "वडिलांना दाखवतो."

ती मूठ भाऊंनी पाहिली. अडतीवर सोयाबीनचा ढीग पाहायला आलेला खरेदीदार मूठभर दाणे उचलतो. दाताखाली धरतो, वास घेतो. ते दाणे त्यानं परत ढिगावर टाकले तर सौदा नाही. पण वानगी म्हणून खिशात घातले, तर भाऊंच्या उभ्या आयुष्यात तो माल कधी परत फिरला नव्हता. कागद नाही, सही नाही. वजन नंतर, हिशेब नंतर.

गाडी वळल्याबरोबर भाऊ म्हणाले, "वानगी खिशात गेली. सौदा झाला!"

पेढे आले. मीही खाल्ला. मुकादमानं तर सरांना उचलूनच घेतलं आणि सर "सोड बे, सोड, पडतो मी," म्हणत लहान मुलासारखे हसत होते. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सगळं घाईत झालं. सभागृहाचं काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे, नाहीतर दुसरं शहर पुढं जाईल, असं ठरलं. पुढाऱ्यांनी निधीचा शब्द दिला. शहराच्या मधोमध दुसरी जागा नव्हती. जागा सरकारीच होती, पण सर नाही म्हणाले असते तर तिथं कुदळ लावायची कुणाची हिंमत नव्हती. सगळे सरांकडं पाहत होते. ते मैदानाभोवती एक फेरी मारून आले.

"पायवा खोदाच्या आधी माती मी काढतो," ते म्हणाले. "मशीन नको लावू तिले."

आम्ही सगळे आलो. मी आलो, रिसोड आपली शेतीची कामं टाकून आला, मुली आल्या. सर फावड्यानं वरचा थर अलगद सोलत होते आणि आम्ही घमेली उचलून कडुनिंबाखाली ढीग करत होतो. सभागृह झालं की बाहेर सरावासाठी छोटं मैदान करायचं आणि ही माती तिथं पसरायची, असं ठरलेलं होतं. दुपारनंतर जेसीबी आला.

खड्डे झाले, काही खांब उभे राहिले. मग निधी अडकला. आणि एका दुपारी मुकादमानं अडतीवर मोबाईल पुढं केला. त्यावर संघाचं नवं शहर जाहीर होत होतं. मोठं शहर, विमानतळाचं. तो तरुण व्यवस्थापकही कोपऱ्यात उभा दिसत होता, टाळ्या वाजवत.

भाऊंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग मोबाईल परत दिला आणि ढिगावरचे दाणे उगाच मुठीत घेऊन सोडत राहिले.

"पण वानगी नेली होती ना त्यानं," ते म्हणाले.

नंतर मी त्या व्यवस्थापकाला फोन केला. तो सभ्यपणे बोलला. तुमचं शहर आवडलं होतं, पण खेळाडूंचा प्रवास, राहणं, जाहिरातदार, हे सगळं पाहावं लागतं. "तुम्ही मैदान खोदलंत?" हे विचारताना त्याचा आवाज खरोखर पडला. "अहो, आम्ही सांगितलं नव्हतं." ते खरंच होतं.

संध्याकाळचा सराव आधी शाळेच्या व्हरांड्यात चालला. फरशीवर गुडघे फुटू लागले तशी मुलं कमी झाली. मुलींना घरून नाही म्हणू लागले. मैदान रस्त्यावरून दिसायचं, बापाला निर्धास्त वाटायचं. व्हरांडा आडबाजूला होता. कामरगावची पोरगी सगळ्यांत शेवटी गेली. वसतिगृह सोडून ती गावी परतली. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचलं आणि खांबांच्या उघड्या सळयांवरून गंज उतरू लागला. कडुनिंबाखालच्या ढिगावर तरोट्याचं तण उगवलं. सर काही दिवस येऊन खड्ड्याच्या कडेला उभे राहायचे. नंतर ते बाजाराला जाताना मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

सरांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. मुलगी अमरावतीला असते. ती त्यांना न्यायला आली तेव्हा मी स्टँडवर गेलो. सरांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून ते स्वतःही मोठ्यानं बोलायचे. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"केनवड, मी मैदान देऊन टाकलं, ते चुकलं का रे?"

मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"आत्ता नको सांगू. मले ऐकू येत नाही अन् तू गोड बोलशीन. लिहून धाड. अन् हे पाह्य, आपल्या मैदानावर पंच नव्हता."

बस गेली. हे पत्र लिहायला मला पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा वेळ लागला. कितीदा लिहिलं आणि फाडलं. शेवटी जे पाठवलं ते असं:

आदरणीय सर,

सप्रेम जयभीम. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. आईनं नमस्कार सांगितला आहे.

तुम्ही स्टँडवर विचारलं होतं त्याचं उत्तर लिहितो. सर, चुकलं.

टीम यावी असं वाटणं चुकलं नाही. आपल्यासारख्या शहरात टीम टिकली असती की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. लोक आले असते, याची मला खात्री आहे. पण टीमला लोकांशिवाय आणखी पुष्कळ काही लागतं आणि ते आपल्याकडं नव्हतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चुकलं ते एवढंच, की जे येणार होतं त्याच्यासाठी आपण जे होतं ते आधी उचललं. त्या मैदानासारखं मैदान त्या मोठ्या शहरातही नसेल, आणि हे आपल्यालाच ठाऊक होतं.

पण हे एकट्या तुमचं नाही. तुम्ही माती सोलत होता तेव्हा घमेली आम्ही उचलत होतो. साखळी सुटली की एकटा बाद होत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून मीही हात वर करतो आहे. रिसोडलाही हे पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, माझाही लिही.

भाऊ बरे आहेत. तुमची चौकशी करतात, पण त्या रस्त्यानं तेही जात नाहीत. मागच्या आठवड्यात कामाला कामरगावला गेलो होतो. ती पोरगी वडिलांच्या किराणा दुकानात बसते. मला पाहून बाहेर आली. "मैदान झालं का पुन्हा?" म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं मला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट कळवायची होती. कडुनिंबाखालचा ढीग कुणीतरी प्लॉटच्या भरावासाठी ट्रॅक्टरनं नेत होतं. मला उशिरा कळलं. बरीचशी माती गेली. उरलेली मी आणि रिसोडनं पोत्यांत भरली आणि माझ्या घराच्या ओट्यावर रचली आहे. आई त्यावर ताडपत्री घालते. तरोट्याचं बी मिसळलं आहे, म्हणजे पुन्हा चाळावी लागेल. केनवडला शाळेमागं एक तुकडा मोकळा आहे, पण तिथं काळी आहे, आणि काळी खेळायची नसते.

माती थोडी आहे. कुठं टाकायची, ते तुम्ही सांगा.

तुमचा,
केनवड